सिज्जीनचे भय : पडद्यावरचे आणि कुरआनातील

आपल्या घरातील दहा-बारा वर्षांचे मूल अलीकडे रात्री दिवा मालवू देत नसेल, न्हाणीघरात एकटे जाण्यास घाबरत असेल, आरशाकडे पाहणे टाळत असेल, तर त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या हातातील मोबाइलवर गेल्या आठवड्यात काय पाहिले गेले, याची प्रेमाने विचारपूस करावी. बहुधा त्यात एखादा तुर्की भयपट निघेल, किंवा त्या चित्रपटाची कथा हिंदीतून रंगवून सांगणारा व्हिडिओ तरी निघेल.

इंग्रजी भयपट असता तर अनेक मातापित्यांनी तो तात्काळ बंद केला असता. तुर्की चित्रपटाच्या बाबतीत मात्र हात आखडतो. पडद्यावरील स्त्रियांच्या डोक्यावर ओढणी असते, पात्रांची नावे कुब्रा, फारूक, निसा अशी असतात, अजान ऐकू येते, भिंतीवर आयती लावलेल्या दिसतात. ‘एर्तुग्रुल’ मालिकेने आपल्या घरांत तुर्की कलाकृतींविषयी जो आदर निर्माण केला, त्याचाही लाभ या भयपटांना मिळतो. शिवाय ‘जिन्न तर कुरआनातच आहेत, मग हे पाहण्यात वावगे काय?’ असा प्रश्न तरुण मुले विचारतात आणि घरातील वडीलधारे निरुत्तर होतात.

या प्रश्नाचे उत्तर देणे आवश्यक आहे. जिन्नांच्या अस्तित्वावर आपली श्रद्धा आहे, यात संदेह नाही. कुरआनात ‘अल-जिन्न’ या नावाची एक संपूर्ण सूरह आहे. म्हणून प्रश्न जिन्न आहेत की नाहीत, एवढ्यावर थांबत नाही. आपल्याला भय कोणाचे वाटावे आणि त्या भयाने आपल्याकडून काय करवून घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

हे चित्रपट आले कोठून?

१९७३ साली अमेरिकेत ‘द एक्झॉर्सिस्ट’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. सैतानाने पछाडलेली एक मुलगी आणि तिला सोडविणारे ख्रिस्ती धर्मगुरू, असे त्याचे कथानक होते. पुढच्याच वर्षी, १९७४ मध्ये, तुर्की दिग्दर्शक मेतीन एर्कसान यांनी ‘शेयतान’ या नावाने त्याची तुर्की आवृत्ती काढली. कथा जवळजवळ तीच राहिली. ख्रिस्ती खुणांच्या जागी इस्लामी खुणा आल्या. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण येथे साचा परका होता आणि वेष तेवढा आपला होता.

त्यानंतर अनेक वर्षे तुर्की चित्रपटसृष्टीत भयपट तुरळकच होते. २००४ साली ‘ब्यूयू’ म्हणजे ‘जादूटोणा’ हा चित्रपट आला आणि प्रवाह बदलला. २००६ मध्ये दिग्दर्शक हसन काराजादा यांचा ‘दाब्बे’, २००७ मध्ये अल्पर मेस्तची यांचा ‘मुसल्लत’, २००८ मध्ये पुन्हा काराजादा यांचा ‘सेमूम’ आणि २०१४ मध्ये मेस्तची यांचा ‘सिज्जीन’ प्रदर्शित झाला. मग उत्तरभागांची रीघ लागली. २००६ ते २०१५ या काळात ‘दाब्बे’चे सहा भाग निघाले. ‘सिज्जीन’चे २०१४ ते २०१९ या सहा वर्षांत सहा भाग आले आणि २०२४ मध्ये सातवाही आला.

तुर्कस्तानातील सामान्य माणूस जिन्नाचे नाव उच्चारण्याचे टाळतो. तुर्की भाषेत हा शब्द तीन अक्षरी असल्यामुळे ‘तीन अक्षरवाले’ असे आडून म्हटले जाते, आणि त्याच नावाची एक भयपट-मालिकाही तेथे आहे. आपल्या वऱ्हाडात तरी वेगळे काय आहे? आपल्याकडेही ‘बाहेरचं झालं’, ‘हवा लागली’, ‘साया आहे’ असेच कुजबुजत बोलले जाते. म्हणूनच हे दूरदेशीचे चित्रपट आपल्या मुलांना परके वाटत नाहीत. आपल्याच आजीच्या गोष्टी त्यांना तेथे दिसतात.

तीन शब्द आणि त्यांचा हरवलेला अर्थ

वर आलेल्या शीर्षकांपैकी सेमूम, दाब्बे आणि सिज्जीन हे तीन शब्द थेट कुरआनातील आहेत. चित्रपटांनी शब्द घेतला, त्याची दहशत वाढविली आणि अर्थ मागे ठेवला. तो अर्थ आपण कुरआनातूनच पाहू.

पहिला शब्द ‘समूम’, ज्याचे तुर्की रूप ‘सेमूम’. चित्रपटात हे एका भयंकर दुष्ट शक्तीचे नाव आहे. ती एका विवाहित स्त्रीच्या देहाचा ताबा घेते. मूळ अरबीत समूम म्हणजे जाळून टाकणारी उष्ण झळ. वैशाखात उघड्या रानात काम करणाऱ्या आपल्या शेतकरी बांधवांना ती समजावून सांगण्याची गरज नाही. सूरह अल-हिज्रमध्ये (१५:२६-२७) मानवाची निर्मिती मातीपासून आणि जिन्नांची त्याआधी अशा तप्त अग्नीपासून झाल्याचा उल्लेख आहे. म्हणजे समूम हे निर्मितीचे द्रव्य आहे, प्राण्याचे नाव नव्हे. त्यानंतर लगेच काय येते, ते पाहावे. आदम (अ.) यांच्यासमोर नतमस्तक होण्याची आज्ञा होते आणि इब्लीस नकार देतो. मातीपासून घडलेल्यासमोर आपण का झुकावे, हा त्याचा गर्व असतो. म्हणजे समूमच्या प्रसंगातून मिळणारा धडा अहंकाराचा आहे. आपल्या जातीचा, घराण्याचा, शिक्षणाचा, पैशाचा ताठा बाळगणारा मनुष्य इब्लीसच्या किती जवळ जातो, हे तेथे शिकविले आहे. आणि त्याच प्रसंगात (१५:४०-४२) इब्लीस स्वतः कबूल करतो की अल्लाहच्या निष्ठावंत दासांवर आपले काही चालणार नाही. चित्रपटात हा कबुलीजबाब नाही.

दुसरा शब्द ‘दाब्बह’, तुर्कीत ‘दाब्बे’. म्हणजे जमिनीवर चालणारा जीव. सूरह अन-नम्ल (२७:८२) मध्ये अंतिम काळाच्या संदर्भात जमिनीतून निघणाऱ्या एका जीवाचा उल्लेख आहे. लोक ईश्वरी संकेतांवर विश्वास ठेवीत नव्हते, असे तो त्यांना सांगेल. २००६ च्या चित्रपटाने या संकेताचा संबंध इंटरनेटशी जोडून सर्वनाशाची कथा रचली. परंतु हाच शब्द कुरआनात इतरत्रही येतो. सूरह हूद (११:६) मध्ये सांगितले आहे की पृथ्वीवर असा एकही दाब्बह नाही, ज्याच्या अन्नाची जबाबदारी अल्लाहने स्वतःवर घेतलेली नाही. मुंगीपासून बैलापर्यंत सारे त्यात आले.

याहून अर्थपूर्ण उल्लेख सूरह सबा (३४:१४) मध्ये आहे. पैगंबर सुलैमान (अ.) यांच्या आज्ञेने जिन्न कष्टाची कामे करीत होते. सुलैमान (अ.) यांचा मृत्यू झाला, तरी ते काठीच्या आधारावर तसेच राहिले आणि जिन्नांना काहीच कळले नाही. अखेर जमिनीतील एका क्षुद्र किड्याने ती काठी पोखरली, तेव्हा मृत्यू उघड झाला. मग जिन्नांना उमगले की आपल्याला परोक्षाचे ज्ञान असते, तर आपण इतका काळ या अपमानास्पद श्रमांत अडकून राहिलोच नसतो. त्या काठी पोखरणाऱ्या किड्यासाठी कुरआनने वापरलेला शब्द ‘दाब्बह’ हाच आहे! जिन्नांचे अज्ञान ज्या किड्याने उघडे पाडले, त्याच शब्दाला जिन्नांच्या दहशतीचे शीर्षक करण्यात आले. समोर उभ्या असलेल्या राजाचा मृत्यू ज्यांना कळला नाही, त्यांना विचारून आपल्या मुलीच्या लग्नाचा योग, हरविलेला दागिना किंवा शेजाऱ्याचा हेतू सांगणारा ‘आमिल’ किती जाणता असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

तिसरा शब्द ‘सिज्जीन’. चित्रपटाच्या पहिल्या भागात एका विवाहित नातलगावर मन जडलेली स्त्री जादूगाराकडे जाते आणि त्याच्या पत्नीवर जादू करविते. मग रक्त, किंकाळ्या, मृत्यू यांची मालिका सुरू होते. आता सूरह अल-मुतफ्फिफीन (८३) उघडावी. सिज्जीन हा शब्द तेथे आहे. दुराचारी लोकांची कर्मनोंद जेथे आहे, ते सिज्जीन. ती एक लिहून ठेवलेली वही आहे (८३:७-९). आणि या सूरहचा आरंभ कोणाच्या धिक्काराने होतो? जादूगाराच्या? नाही. जिन्नाच्या? तेही नाही. तो होतो मापात खोट करणाऱ्याच्या धिक्काराने. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घ्यायचे आणि दुसऱ्याला देताना कमी भरायचे, अशा माणसाचा तेथे उल्लेख आहे (८३:१-३).

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. ज्या शब्दाने आपल्या मुलांची झोप उडते, तो शब्द कुरआनने वजनकाट्याशेजारी ठेवला आहे. खामगाव-मलकापूरच्या बाजारात कापूस आणि सोयाबीन मोजणारा मापाडी, किराणा दुकानात पुडी बांधणारा दुकानदार, दुधात पाणी घालणारा गवळी, मजुराला ठरलेल्यापेक्षा कमी देणारा मालक, बहिणीच्या वाट्याची जमीन आपल्या नावावर ठेवणारा भाऊ, या सर्वांनी ज्या वहीचे भय बाळगावे, तिचे नाव सिज्जीन आहे. काळोख्या खोलीतील सावलीला घाबरणारा आणि सकाळी दुकानात जाऊन वजन मारणारा मनुष्य सिज्जीनला घाबरतो, असे म्हणता येईल का? तो चित्रपटाला घाबरतो, एवढेच.

त्याच सूरहमध्ये पुढे ‘इल्लिय्यीन’ हा शब्द येतो (८३:१८-२०). सदाचारी लोकांच्या कर्मांची ती उच्चस्थानीची नोंद आहे. या मालिकेला त्या शब्दाची गरज भासली नाही. कुरआन भयाच्या शेजारी नेहमी आशा ठेवतो. भयपट केवळ भय ठेवतो.

शाप संपत का नाही?

या चित्रपटांचा एक ठराविक शेवट असतो. सर्व काही निवळले असे वाटते, आणि अखेरच्या दृश्यात सैतानी शक्ती अजून जिवंत असल्याचे दाखविले जाते. शाप एका भागात संपला, तर पुढचा भाग कसा निघणार? म्हणून पडद्यावरील सैतान हरत नाही. आयत पठण करणारा थकतो, मरतो किंवा फसवणारा निघतो. असे सहा-सात भाग पाहिलेल्या बालकाच्या मनावर न कळत काय ठसते? अल्लाहची वाणी पठण केली तरी उपयोग होत नाही, सैतान अधिक बलवान आहे, हे ठसते. ईमानाला लागणारी ही वाळवी आहे.

कुरआनची शिकवण याच्या नेमकी उलट आहे. सैतानाचा डाव दुर्बल असल्याचे सूरह अन-निसामध्ये (४:७६) स्पष्ट केले आहे. सूरह इब्राहीममध्ये (१४:२२) निवाड्याच्या दिवसाचे दृश्य आहे. तेथे सैतान आपल्या अनुयायांना सुनावतो की माझी तुमच्यावर कसलीही सत्ता नव्हती. मी केवळ बोलावले आणि तुम्ही आलात. आता मला दोष देऊ नका, स्वतःला द्या. सूरह आलि इम्रानमध्ये (३:१७५) सांगितले आहे की सैतान आपल्या मित्रांचे भय घालीत असतो. ईमानधारकांनी त्यांना न भिता अल्लाहचे भय बाळगावे. आणि सूरह अल-जिन्नमध्ये (७२:६) एक सूक्ष्म गोष्ट उलगडली आहे. काही माणसे जिन्नांचा आश्रय मागत, त्यामुळे त्यांची उद्दामता आणि यांची दुरवस्था वाढतच गेली. म्हणजे जिन्नाचे भय जितके जोपासावे, तितके ते वाढते.

पडद्यावरून आपल्या अंगणात

कोणी म्हणेल, हा तर करमणुकीचा विषय. इतके गांभीर्य कशासाठी? कारण या भयाची किंमत पडद्यावर चुकती होत नाही. ती आपल्या घरातील आजारी माणूस चुकवितो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गाह आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते, संदल निघतो, नारळांची होळी पेटते. महाराष्ट्रातून आणि शेजारच्या राज्यांतून सर्व धर्मांचे लोक येतात. त्यांत ‘बाधा’ झाली असे समजून आणलेल्या व्यक्तींची संख्या मोठी असते. थकलेली आई, कर्ज काढून आलेला बाप, डोळे शून्यात लावून बसलेली तरुण मुलगी, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. त्या मातापित्यांच्या वेदनेचा उपहास करण्याचा अधिकार कोणालाही नाही. ते प्रेमापोटीच आलेले असतात. परंतु आपण त्यांना विचारले पाहिजे : या मुलीला डॉक्टरांना दाखविले का?

कारण ज्याला आपण ‘बाहेरचे’ म्हणतो, त्यातील पुष्कळ काही ओळखता येण्याजोगे आजार असतात. अचानक देह ताठ होऊन झटके येणे आणि तोंडाला फेस येणे, हे अपस्माराचे म्हणजे मिरगीचे लक्षण असू शकते. न दिसणारे आवाज ऐकू येणे, सतत संशय येणे, हे तीव्र मनोविकारात घडते. बाळंतपणानंतर काही दिवसांतच झोप उडणे, असंबद्ध बोलणे, स्वतःचेच बाळ परके वाटणे, हा तातडीच्या उपचाराचा आजार आहे. त्यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. रात्री जाग येते पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, हा अनुभवही अनेकांना येतो. स्वप्नावस्थेत देहाचे स्नायू शिथिल असतात; त्यातच मन आधी जागे झाले, तर काही क्षण असे घडते आणि आपोआप निवळते. अपुऱ्या झोपेने ते वाढते. म्हणजे मध्यरात्रीपर्यंत भयपट पाहून झोपणाऱ्याला जे पडद्यावर दिसले, तेच अंथरुणात घडल्यासारखे वाटते आणि त्याचा विश्वास पक्का होतो.

२०१३ साली आलेल्या ‘दाब्बे’ मालिकेतील ‘जिन चार्पमासी’ या भागात मानसोपचारतज्ज्ञ स्त्री ही शंका घेणारी आणि झाडफूक करणारा हा जाणकार, अशी मांडणी आहे. कथेचा सारा ओघ तिच्या शास्त्राला अपुरे ठरविण्याकडे आहे. असा चित्रपट पाहिलेल्या कुटुंबात उद्या कोणी आजारी पडले, तर पाय कोणत्या दिशेने वळतील?

या चुकीच्या दिशेचा शेवट किती दारुण असू शकतो, हे आपल्या देशाने पाहिले आहे. तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्गाहच्या परिसरात मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी निवासस्थाने होती. दुआने गुण येईल या आशेने कुटुंबीय आपली माणसे तेथे सोडून जात. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे अशाच एका झोपडीवजा निवासाला आग लागली. आतील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. २८ जीव गेले. त्यांना कोणत्याही जिन्नाने मारले नाही.

आज कायदाही स्पष्ट आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मनोरुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. हा कायदा सर्व धर्मीयांना सारखाच लागू आहे, आणि नमाज, दुआ, कुरआनपठण यांना त्याची कोणतीही आडकाठी नाही.

प्रेषितांचा आदर्श आणि एदिर्नेचे रुग्णालय

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे एक कृष्णवर्णीय स्त्री आली. तिला झटके येत आणि त्या अवस्थेत तिची वस्त्रे विस्कटत. तिने दुआची विनंती केली. प्रेषितांनी (स.) तिला सांगितले की संयम राखलास तर स्वर्ग आहे, आणि इच्छा असेल तर बरे होण्यासाठी प्रार्थना करतो. तिने संयम निवडला. मात्र झटक्यांत आपली लाज उघडी पडू नये, एवढी दुआ मागितली. प्रेषितांनी (स.) ती केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. तिला दरडावले गेले नाही, मारले गेले नाही, चारचौघांत तमाशा झाला नाही. तिला निवड करण्याचा अधिकार मिळाला आणि तिची अब्रू जपली गेली. रुग्णाशी वागण्याचा हा नबवी आदर्श आहे.

औषधोपचार करा, अल्लाहने उपायाविना आजार निर्माण केला नाही, ही शिकवणही प्रेषितांनीच (स.) दिली. ज्यात शिर्क नाही असे दुआपठण, म्हणजे रुकया, त्यांनी वैध ठेवले. आणि भविष्य सांगणाऱ्याकडे जाऊन विचारणा करणाऱ्याची चाळीस दिवसांची नमाज स्वीकारली जात नाही, असा कठोर इशाराही दिला. दुआ आणि दवा या दोहोंत येथे विरोध नाही. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्गाहवर ‘दवा आणि दुआ’ या नावाने असा उपक्रम चाललाही. तेथील मुजावरांनीच आजारी व्यक्तीला ओळखून आवारातील डॉक्टरांकडे पाठवावे, अशी ती योजना होती. असा विचार आपल्या जिल्ह्यातही रुजावा.

तुर्कस्तानाचे आकर्षण असलेल्या आपल्या तरुणांना त्याच भूमीतील आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. एदिर्ने शहरात सुलतान बायझीद द्वितीय यांनी १४८८ मध्ये मशीद, वैद्यकीय मदरसा आणि रुग्णालय यांचा मोठा समूह पूर्ण केला. त्या ‘दारुश्शिफा’त मनोरुग्णांवर औषधांबरोबरच संगीत, वाहत्या पाण्याचा नाद आणि फुलांचा सुगंध यांच्या साहाय्याने उपचार केले जात. सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. आज तेथे आरोग्य-संग्रहालय असून त्याला २००४ मध्ये युरोप परिषदेचा संग्रहालय पुरस्कार मिळाला. पाचशे वर्षांपूर्वी मशिदीच्या भिंतीला लागून मनोरुग्णांसाठी कारंजे बांधणारी संस्कृती आपली आहे. एदिर्नेचा वारसा विसरून आपण ‘सिज्जीन’चे भाग मोजत बसावे काय?

घरात काय करावे?

मुलांकडून मोबाइल हिसकावून हा प्रश्न सुटणार नाही. आधी त्यांच्याजवळ बसावे. भय वाटल्याची त्यांना लाज वाटू देऊ नये. ‘हे कोणी लिहिले, कोणी रंग फासला, कॅमेरा कोठे ठेवला असेल?’ असे विचारून पडद्यामागचा कारखाना त्यांना दाखवावा. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी तिकीट विकण्यासाठी असते, हेही सांगावे.

त्यानंतर भयाच्या जागी काहीतरी द्यावे. झोपण्यापूर्वी आयतुल कुर्सी आणि अखेरच्या तीन सूरह पठण करून हातांवर फुंकर घालण्याची व ते हात देहावरून फिरविण्याची प्रेषितांची (स.) सुन्नत आई-वडिलांनी स्वतः मुलांसह आचरावी. मात्र त्यांचा अर्थही सांगावा. अर्थ न कळता केलेले पठण मुलाच्या लेखी चित्रपटातील मंत्रासारखेच राहते. सूरह अल-फलक आणि सूरह अन-नास यांत मनुष्य थेट अल्लाहचा आश्रय घेतो. मध्ये कोणी आमिल नाही, ताईत नाही, दक्षिणा नाही.

गंमत म्हणून अंधारात दडून भावंडांना घाबरविण्याची, त्याचे चित्रण करण्याची टूम बंद करावी. झोपलेल्या सोबत्याची दोरी उचलल्याने तो दचकला, तेव्हा मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरविणे वैध नाही, असे प्रेषितांनी (स.) बजावले होते.

घरात कोणाला झटका आला, तर त्याला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. चप्पल किंवा कांदा हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक काळ राहिला, तर त्वरित रुग्णालयात न्यावे. वागण्या-बोलण्यात अनाकलनीय बदल दिसल्यास जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा सल्ला घ्यावा. १४४१६ या ‘टेलिमानस’ दूरध्वनी क्रमांकावर २०२२ पासून शासनातर्फे विनाशुल्क सल्ला मिळतो. आणि तेथे जाताना दुआ अवश्य करावी. आराम देणारा अल्लाहच आहे; डॉक्टर आणि औषध ही त्याने दिलेली साधने आहेत.

शेवटी, ज्या घरात जादूटोण्याचा संशय सुरू होतो, तेथे पहिला बळी नात्यांचा जातो. जाऊ, नणंद, सासू, शेजारीण, कोणावर तरी बोट ठेवले जाते. पती-पत्नीत फूट पाडणारी विद्या म्हणून कुरआनने (२:१०२) जादूची निंदा केली. आणि आपण जादूच्या संशयानेच कुटुंबे फोडीत असू, तर सैतानाचे काम त्याच्याविना पार पडले! अल्लाहच्या अनुज्ञेवाचून त्यांपैकी कोणी कोणाचे नुकसान करू शकत नाही, हेही त्याच आयतीत सांगितले आहे.

कुटुंबातील चर्चेसाठी

१. सूरह अल-मुतफ्फिफीनचा अर्थ सर्वांनी मिळून वाचावा. आपल्या घरातील, दुकानातील, शेतातील कोणते ‘माप’ दुरुस्त करण्याची गरज आहे?
२. सूरह सबामधील काठीच्या प्रसंगावरून जिन्नांच्या ज्ञानाविषयी कोणता निष्कर्ष निघतो?
३. आपल्या नात्यात किंवा मोहल्ल्यात ‘बाहेरचे’ म्हणून उपचारांविना राहिलेली कोणी व्यक्ती आहे काय? तिच्या कुटुंबासोबत डॉक्टरांकडे जाण्यास आपल्यापैकी कोण तयार आहे?

हे अल्लाह, आमच्या अंतःकरणातून तुझ्या निर्मितीचे भय काढून टाक आणि तुझ्यासमोर द्यावयाच्या हिशोबाचे भय त्यात रुजव. आमच्या आजारी बंधू-भगिनींना आराम दे, त्यांची अब्रू राखण्याची सद्बुद्धी आम्हाला दे, आणि आमची नावे सिज्जीनपासून दूर, इल्लिय्यीनमध्ये लिहून घे. आमीन.